सांगणे, बोलणे, म्हणणे : तीन क्रियापदांची कुळकथा

“काकांना सांग, आई म्हणाली, उद्या सविस्तर बोलू.” असा निरोप मराठी घरातले आठ-दहा वर्षांचे मूलही बिनचूक पोहोचवते. या एवढ्याशा वाक्यात तोंडाने व्यक्त होण्याची तीन क्रियापदे आहेत आणि तिघांच्या जागा ठरलेल्या आहेत. त्यांची अदलाबदल करून पाहावी. “काकांना बोल, आईने सांगितली, उद्या सविस्तर म्हणू” असे कोणी म्हटले, तर बोलणारा नुकता मराठी शिकू लागला आहे हे पहिल्या चार शब्दांतच कळते. ही चूक ओळखण्यासाठी व्याकरणाचा कुठलाही नियम आठवावा लागत नाही, आणि नेमके काय चुकले हे समजावून सांगायला गेले की मात्र भल्याभल्यांची जीभ अडखळते.

तिघांतला फरक थोडक्यात असा मांडता येईल. ‘सांगणे’ या क्रियापदाचे लक्ष ऐकणाऱ्याकडे असते. माहिती, आज्ञा, निरोप, गोष्ट, जे काही असेल ते एकाकडून निघून दुसऱ्यापर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून ‘सांगितले’ म्हटल्याबरोबर ‘कोणाला’ हा प्रश्न उभा राहतो. ‘म्हणणे’ या क्रियापदाचे लक्ष शब्दांकडे असते. जे शब्द उच्चारले गेले तेच त्याचे कर्म. ‘बोलणे’ मात्र मुळात क्रियेकडे पाहते. काय बोलले गेले आणि कोणाशी, हे कळले नाही तरी त्याचे अडत नाही. म्हणून मूल वर्षा-दीड वर्षाचे झाले की ‘बोलू’ लागते, थोडे मोठे झाले की बडबडगीते ‘म्हणू’ लागते आणि शाळेत जाऊ लागले की घरी येऊन बाईंच्या तक्रारी ‘सांगू’ लागते.

पोपटाचे उदाहरण घेतले तर हा भेद आणखी स्वच्छ दिसतो. पिंजऱ्यातला पोपट बोलतो, आणि ‘विठू विठू’ असे शिकवलेले शब्द म्हणतो. पण तो काही सांगत नाही. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या ज्योतिषाचा पोपटसुद्धा नुसती चिठ्ठी काढतो, भविष्य सांगतो तो त्याचा मालक. गोष्टीतला पोपट राजकन्येचा ठावठिकाणा सांगू लागला, की त्याच क्षणी तो पक्षी राहत नाही, गोष्टीतले एक पात्र होतो.

एवढी नेमकी कामवाटणी असलेले हे तीन शब्द आले कुठून? कोणाही मराठी माणसाच्या मनात पहिले उत्तर येते ते संस्कृतचे, आणि संस्कृतात बोलण्याच्या धातूंची वाण नाही. वच्, वद्, ब्रू, भाष्, कथ्, लप्, जल्प्, भण् अशी ती यादी लांबत जाते. या धातूंपैकी बहुतेकांची मराठीत मोठी वस्ती आहे, पण ती नामांच्या रूपाने. वच् पासून वाचा, वचन, वक्ता, वाक्य. वद् पासून वाद, संवाद, अपवाद. भाष् पासून भाषा, भाषण, भाष्य. कथ् पासून कथा, कथन, कथानक. हे सगळे शब्द सभेत, ग्रंथात, वर्तमानपत्रात रोज भेटतात. मात्र स्वयंपाकघरात कोणी काही ‘वदत’ नाही. ‘वदणे’ हे क्रियापद कवितेत चालते, नाहीतर थट्टेत: “वदा, महाराज!” ‘ब्रू’ तर क्रियापद म्हणून मराठीच्या दारातूनच परत गेला.

या संस्कृत शब्दांतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. ‘कथ्’ हा धातू ‘कथम्’, म्हणजे ‘कसे’, या शब्दावरून झाला असे मानतात. तेव्हा कथा सांगणे म्हणजे मुळात ‘कसे घडले ते’ सांगणे. श्रावणातली ‘कहाणी’ याच घराण्यातली आहे. ‘अनुवाद’ म्हणजे मुळात मागाहून म्हणणे, कोणी एकाने म्हटलेले पुन्हा म्हणणे. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. आणि ‘वाचणे’ हे क्रियापद ‘वच्’ धातूच्या प्रयोजक रूपापासून, ‘वाचयति’ पासून आले आहे. त्याचा मूळ अर्थ ‘बोलायला लावणे’ असा आहे. पानावरची मुकी अक्षरे ज्याच्यामुळे बोलतात तो वाचक. (जीव वाचतो ते ‘वाचणे’ वेगळे. जुन्या लेखनात ते ‘वांचणे’ असे अनुस्वार देऊन लिहीत असत, त्यामुळे दोन्हींची गल्लत होत नसे. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि पुस्तक वाचणारा व अपघातातून वाचणारा एकाच रूपात आले.)

आपल्या तीन क्रियापदांकडे यायचे तर संस्कृत ओलांडून प्राकृताकडे जावे लागते, आणि तिथे बाराव्या शतकातल्या एका गुजराती जैन आचार्यांची गाठ पडते. हेमचंद्र हे त्यांचे नाव. अणहिलवाड पाटण येथे, सिद्धराज जयसिंह या चालुक्य राजाच्या आश्रयाने त्यांनी ‘सिद्धहेमशब्दानुशासन’ हे व्याकरण रचले. त्याचे सात अध्याय संस्कृताचे आहेत आणि आठवा प्राकृताचा. या आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात ते प्राकृत क्रियापदांची मोजदाद करतात, आणि त्यातले दुसरेच सूत्र आपल्या कामाचे आहे. संस्कृतातल्या ‘कथ्’ धातूच्या जागी प्राकृतात दहा धातू येतात असे ते सूत्र सांगते: वज्जर, पज्जर, उप्पाल, पिसुण, संघ, बोल्ल, चव, जम्प, सीस आणि साह.

या दहांच्या यादीत पाचवा आणि सहावा शब्द पाहावा. ‘संघ’ आणि ‘बोल्ल’. आपले ‘सांगणे’ आणि ‘बोलणे’ तिथे एकमेकांना खेटून बसले आहेत.

‘जागी येतात’ या शब्दप्रयोगाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. प्राकृत व्याकरणकारांची रीत अशी होती की संस्कृत ही मूळ मानायची आणि प्राकृत रूप तिच्यापासून कसे बनले ते वर्णबदलाच्या नियमांनी दाखवायचे. ‘हस्त’चे ‘हत्थ’ झाले, ‘सप्त’चे ‘सत्त’ झाले, हे नियमांत बसते. ‘कथ्’चे ‘कह’ होणेही बसते, आणि हिंदीतले ‘कहना’ त्याच वाटेने आले. पण ‘कथ्’चे ‘बोल्ल’ कोणत्याही नियमाने होत नाही. जेथे अशी वाट सापडत नाही तेथे व्याकरणकार ‘आदेश’ सांगतो, म्हणजे एक शब्द उठवून त्याच्या जागी दुसरा बसवतो. हेमचंद्रांनी याबाबत स्वतःशी आणि वाचकाशी प्रामाणिकपणा राखला आहे. सूत्राच्या खालच्या वृत्तीत, म्हणजे स्पष्टीकरणात, ते म्हणतात की हे शब्द इतरांनी देशी म्हणून नोंदले असले, तरी आम्ही त्यांना धातूंच्या जागचे आदेश मानले, ते अशासाठी की त्यांना निरनिराळे प्रत्यय लागावेत. साध्या मराठीत सांगायचे तर, हे शब्द लोकांच्या तोंडचे आहेत, त्यांचे संस्कृत कुळ आम्ही दाखवत नाही, पण ते क्रियापदांसारखे चालतात म्हणून त्यांना क्रियापदांच्या पंगतीत पान वाढले.

त्याच्या पुढचेच सूत्र तर मला या सगळ्या यादीपेक्षा जास्त आवडते. ‘दुःखे णिव्वरः’ एवढेच ते आहे. दुःख सांगायचे असेल तर प्राकृतात ‘णिव्वर’ हा वेगळा धातू वापरावा. सुख, बातमी, निरोप, गोष्ट यांच्यासाठी दहा धातू आणि दुःखासाठी स्वतंत्र अकरावा. मराठीत तो उतरला नाही. आपल्याला दुःख ‘सांगावे’ लागते किंवा ‘मन मोकळे करावे’ लागते. त्या एका क्रियेसाठी राखून ठेवलेला शब्द आपल्याकडे उरला नाही.

आता एकेक क्रियापद घेऊ. ‘बोल्ल’चा ‘बोल’ होण्यात विशेष काही नाही. जोडाक्षर सुटे झाले. हाच शब्द हिंदीत ‘बोलना’, गुजरातीत ‘बोलवुं’, बंगालीत ‘बला’ असा पसरला आहे, म्हणजे उत्तरेकडच्या बहुतेक भाषांनी हे देशी नाणे स्वीकारले. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०) ज्या ओवीत मराठी अमृताशी पैज जिंकते, त्या ओवीतही शब्द ‘बोलु’ हाच आहे: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’. तिथे ‘वाणी’ किंवा ‘भाषा’ हा संस्कृत शब्द सहज घेता आला असता. देशी भाषेची थोरवी देशी शब्दानेच सांगितली गेली हे मला तरी नुसता योगायोग वाटत नाही.

मराठीने या ‘बोल’चा संसार फार वाढवला. बोलायला लावणे ते ‘बोलावणे’, आणि पुढे हाक मारून किंवा निरोप धाडून आणवणे तेही बोलावणे. जी बोलली जाते ती ‘बोली’, मग ती मालवणी असो, अहिराणी असो की लिलावातली असो. एखाद्या अटीवर व्यवहार ठरला तर तो ‘या बोलीवर’ ठरतो. लग्नाची ‘बोलणी’ होतात, देवाला नवस ‘बोलतात’, तबल्यातून ‘बोल’ निघतात. १९३२ साली मराठी चित्रपटाला आवाज मिळाला तेव्हा त्या नव्या वस्तूला ‘बोलपट’ हे नाव पडले. ‘कथापट’ म्हणून भागले नसते, कारण कथा मूकपटही सांगतच होता. पडदा बोलतो ही क्रियाच नवलाची होती.

पण ‘बोलणे’चा सर्वांत गमतीचा भाग त्याच्या मागे लागणाऱ्या प्रत्ययात आहे. “साहेब माझ्याशी बोलले” आणि “साहेब मला बोलले” ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावी. पहिल्यात संभाषण झाले. दुसऱ्यात खरडपट्टी निघाली. ‘शी’च्या जागी ‘ला’ आला, एवढ्यावर माणसाचा दिवस बिघडला. ‘बोल लावणे’, ‘बोलणी खाणे’, ‘बोलून घेणे’, ‘टाकून बोलणे’ हे सारे या ‘ला’च्या गोतावळ्यातले आहे. बोलणे ही दोघांनी मिळून करायची गोष्ट. ती एकाने दुसऱ्याच्या अंगावर केली की ती शिक्षा होते, असा काहीसा हिशेब भाषेने मनात धरलेला दिसतो.

‘संघ’चे ‘सांग’ कसे झाले ते दाखवणे सोपे आहे. प्राकृतातून मराठीत येताना पहिले अक्षर दीर्घ होते आणि शेवटच्या अक्षरातला हकार पुष्कळदा गळतो. ‘हत्थ’चा ‘हात’ झाला, ‘हाथ’ झाला नाही. हिंदीने तो हकार ठेवला. त्याच न्यायाने ‘संघ’चे ‘सांघ’ आणि ‘सांघ’चे ‘सांग’. हेमचंद्रांच्या दहा धातूंपैकी ‘बोल्ल’ सगळीकडे पसरला, पण ‘संघ’ मोठा झाला तो मराठी-कोंकणीच्या अंगणात. दिल्लीच्या किंवा कोलकात्याच्या माणसाला ‘सांग’ म्हटले तर काहीच बोध होणार नाही. (‘सांगोपांग’ या शब्दाचा मात्र सांगण्याशी काडीचाही संबंध नाही. स-अंग-उपांग असा तो संस्कृत समास आहे. ‘सांगोपांग सांगितले’ असे लिहिताना कानाला गोड वाटणारा सारखेपणा निव्वळ योगायोगाचा.)

सांगण्यात एक अधिकार असतो आणि तो या क्रियापदाने कधी सोडला नाही. हक्क सांगतात, नाते सांगतात, काम सांगतात. ज्याला स्वतःहून काही सुचत नाही तो ‘सांगकाम्या’. एके काळी माहेरवाशिणीला घरी आणण्यासाठी ‘सांगावा’ जात असे, आणि उपवर मुलीला स्थळ ‘सांगून’ येत असे. या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एक बाजू पाठवणारी असते आणि दुसरी ऐकून घेणारी.

उरले ‘म्हणणे’. हे हेमचंद्रांच्या त्या यादीत नाही, कारण याला आदेशाची गरज नव्हती. याचे संस्कृत कूळ उघड आहे. ‘भण्’ हा तो धातू. पाणिनीय धातुपाठात तो ‘रण्’, ‘कण्’, ‘क्वण्’, ‘ध्वण्’ अशा धातूंच्या ओळीत बसला आहे आणि त्या साऱ्यांचा अर्थ ‘शब्द करणे’, म्हणजे आवाज करणे, असा दिला आहे. पैंजणांचे क्वणन आणि माणसाचे म्हणणे एका ओळीतले. प्राकृतात त्याचे ‘भणइ’ झाले, आणि महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथांमध्ये सख्या एकमेकींना सारख्या ‘भण’, ‘भण’ करत असतात. पुढे मराठीत या ‘भ’चा ‘म्ह’ झाला. पुढचा ‘ण’ नाकातला, त्याच्या ओढीने आधीचा ओठांवरचा ‘भ’ही नाकात गेला आणि ‘म’ झाला. ‘भ’मधला हकार तेवढा मागे उरला. म्हणून ‘मण’ न होता ‘म्हण’.

मराठीत ‘भ’चा ‘म्ह’ झाल्यामुळे एक नाते आपल्या नजरेआड गेले आहे. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘चोखा म्हणे’ अशी नाममुद्रा येते. गुजरातेत नरसी मेहतांच्या ‘वैष्णव जन तो’ या पदाच्या शेवटी ‘भणे नरसैंयो’ येते. मिथिलेत विद्यापतींच्या पदांच्या शेवटी ‘भनइ विद्यापति’ येते, आणि बंगालीत तर अशा नाममुद्रेच्या ओळीला ‘भणिता’ असेच नाव आहे. देहूपासून मिथिलेपर्यंत कवींनी आपली सही ज्या एका क्रियापदाने केली ते हे क्रियापद. ‘तुका सांगे’ किंवा ‘तुका बोले’ ही सही झाली नाही, आणि याचे कारण क्रियापदाच्या स्वभावातच आहे: सांगणारा ऐकणाऱ्याला पुढे करतो, बोलणारा क्रियेला, पण म्हणणारा आपले शब्द पुढे करतो आणि ते आपले आहेत एवढेच नोंदवतो. (एकनाथांनी मात्र ‘एका जनार्दनीं’ म्हणून क्रियापदच गाळले आणि स्वतःच्या नावाला गुरूचे नाव जोडले.)

इथे एक बारीक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. आजच्या मराठीत ‘तो म्हणे’ याचा अर्थ ‘तो म्हणत असे’, कारण ‘करी’, ‘जाई’, ‘म्हणे’ ही रूपे आपण रीतिभूतकाळाची मानतो. तुकोबांच्या काळी हे वर्तमानकाळाचेही रूप होते. ‘तुका म्हणे’ म्हणजे तुका पूर्वी कधीतरी म्हणत असे, असे नव्हे. तुका म्हणतो आहे, आत्ता, या ओळीत.

हेच ‘म्हणे’ आपल्या रोजच्या बोलण्यात एका वेगळ्याच कामाला लागले आहे. “त्यांची म्हणे बदली झाली.” या वाक्यात म्हणणारा कोण? कोणीच नाही. कर्ता गळून पडला, क्रियापद गोठले आणि त्याचे अव्यय झाले. ही माहिती माझी नाही, मी ती कोणाकडून तरी ऐकली आहे, खरे-खोटे देव जाणे, एवढा सगळा मजकूर त्या दोन अक्षरांत मावला. इतक्या कमी शब्दांत जबाबदारी झटकण्याची दुसरी सोय मराठीत नाही. वर्तमानपत्रांना हा शब्द वापरता येत नाही, म्हणून ती बिचारी ‘असे समजते’, ‘असे कळते’, ‘विश्वसनीय गोटातून’ अशी लांबची वळणे घेत बसतात.

क्रियापदाचे अव्यय होण्याची ही चटक ‘म्हणणे’ला पहिल्यापासूनच आहे. ‘म्हणजे’ पाहावे. संस्कृत ‘भण्यते’, म्हणजे ‘म्हटले जाते’, प्राकृतात ‘भणिज्जइ’, जुन्या मराठीत ‘म्हणिजे’, आणि आज ‘म्हणजे’. “कुळीथ म्हणजे हुलगे” या वाक्याचा अर्थ अक्षरशः असा की कुळीथ या शब्दाने हुलगे म्हटले जातात. ‘कीजे’, ‘दीजे’ ही त्याच बनावटीची कर्मणि रूपे जुन्या ग्रंथांत राहून गेली. ‘म्हणजे’ तेवढे इतके कामाचे निघाले, की आज ते न वापरता मराठी माणसाला पाच मिनिटे बोलता येत नाही. दूरचित्रवाणीवरच्या चर्चेत “म्हणजे कसंय म्हणजे” असे दोनदा ऐकू येते तेव्हा प्राकृतातले एक पूर्ण कर्मणि वाक्य दोनदा उच्चारले जात असते.

‘म्हणून’ची कथा याहून खोल आहे. जुने रूप ‘म्हणौनि’, अर्थ ‘असे म्हणून, म्हटल्यावर’. “पाऊस आला म्हणून थांबलो.” शब्दशः अर्थ केला तर ‘पाऊस आला असे म्हणून थांबलो’. कारण दाखवण्याचे काम आपण ‘म्हणणे’कडे सोपवले आहे. “राम म्हणून एक मुलगा होता”, “शिक्षक म्हणून नोकरी करतो”, “धपकन म्हणून पडला” हेही सारे त्याचेच प्रताप. संस्कृतात ‘इति’ असे काम करत असे, पण ‘इति’ हे क्रियापद नव्हे. ‘म्हणणे’ या अर्थाच्याच क्रियापदाचे पूर्वकालवाचक रूप घेऊन त्याच्याकडून अवतरणाचे आणि कारणाचे काम करून घ्यायचे, ही रीत आपल्या दक्षिणेच्या शेजाऱ्यांची आहे. कन्नडातले ‘एंदु’, तेलुगूतले ‘अनि’, तमिळमधले ‘एन्ऱु’ हे सगळे ‘म्हणून’च आहेत, अर्थानेही आणि बनावटीनेही. हैदराबादच्या दखनीत ‘बोलके’ हा शब्द हेच काम करतो, आणि दिल्लीकराला ते ऐकून हसू येते. मराठीचा शब्द उत्तरेचा, पण त्याला लावलेली शिस्त दक्षिणेची, अशी ही जोडणी आहे. “तो येतो म्हणाला” या वाक्यात आधी बोललेले शब्द आणि मागून ‘म्हणाला’ येतो, तीही ठेवण दक्षिणेकडची.

घरगुती बोलण्यात याची आणखी दोन रूपे आहेत. “त्याला म्हणावं, आल्यावर फोन कर.” इथे ‘म्हणावं’ ही निरोप नेणाऱ्याला केलेली सूचना आहे, पण आज्ञार्थाची धार तिला नाही. आणि “म्हटलं, जरा तुमच्याकडे डोकावून जावं.” हे ‘म्हटलं’ कोणाला म्हटले? स्वतःलाच. मराठीत मनात आलेला विचारही म्हटला जातो, ओठ हलले नाहीत तरी चालते.

पाढे, परवचा, आरती, गाणे हे सगळे आपण ‘म्हणतो’. आधीच ठरलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे हा अर्थ त्यात आहे, आणि गुजरातीने तोच धागा पुढे नेला: तिथे ‘भणवुं’ म्हणजे शिकणे आणि ‘भणेलो’ म्हणजे शिकलेला माणूस. घोकंपट्टीलाच शिक्षण मानणारे त्या काळीही होते असा याचा अर्थ काढण्याचा मोह आवरायला हवा. पिढ्यान्‌पिढ्या म्हटले गेलेले वाक्य ती ‘म्हण’. न्यायालयातही ‘म्हणणे’ हे नाम आहे: एका पक्षाने अर्ज दिला की दुसऱ्या पक्षाला ‘म्हणणे दाखल करा’ असा आदेश होतो, आणि महाराष्ट्रातले वकील इंग्रजी बोलतानाही त्याला ‘से’ म्हणतात. मराठी शब्दाचा हा शब्दशः केलेला तर्जुमा आहे हे उघड दिसते.

लेखनात नेहमी अडवणारा एक प्रश्न इथेच उरकून घेऊ: ‘म्हटले’ की ‘म्हंटले’? चक्रधरस्वामींच्या आठवणी सांगणाऱ्या जुन्या ‘लीळाचरित्रा’त पानोपानी ‘सर्वज्ञें (म्हणजे स्वामींनी) म्हणितलें’ येते. ‘सांगितले’, ‘मागितले’ यांच्यासारखेच ते रूप होते. पुढे मधला स्वर गेला, ‘ण’ आणि ‘त’ एकमेकांना भिडले, ‘ण’च्या संगतीने ‘त’चा ‘ट’ झाला आणि शेवटी ‘ण’ स्वतःच मावळला. प्रमाण लेखन ‘म्हटले’ असेच आहे. जे अनुस्वार देतात ते चुकतात खरे, पण त्यांच्या नाकात सातशे वर्षांपूर्वीचा ‘ण’ अजून घुमतो आहे.

या तिघांखेरीज एक चौथा शब्द होता, आणि तो महाराष्ट्रातून गेला असला तरी फार लांब गेला नाही. शके ७०० मध्ये, म्हणजे इसवी सन ७७९ साली, राजस्थानातल्या जालोर येथे उद्द्योतनसूरी या जैन साधूने ‘कुवलयमाला’ हा प्राकृत ग्रंथ पूर्ण केला. त्यात बाजारपेठेत जमलेल्या देशोदेशींच्या लोकांचे, त्यांच्या बोलण्याच्या लकबींसह वर्णन आहे. मरहट्टे लोक अंगाने दणकट, ठेंगणे, सावळे, सोशिक, अभिमानी आणि भांडखोर असल्याचे तो सांगतो, आणि ते ‘दिण्णल्ले गहियल्ले’, म्हणजे ‘दिले, घेतले’, असे बोलत असतात असेही सांगतो. या ‘बोलत असतात’साठी त्याने वापरलेला शब्द ‘उल्लविरे’ असा आहे. ‘उद्’ उपसर्ग लागलेल्या ‘लप्’ धातूचे ते रूप. मराठीत याचा मागमूस उरला नाही. पण पणजीच्या किंवा मडगावच्या बाजारात आजही “तूं कोंकणी उलयता?” असे विचारतात. कोंकणीतले ‘उलोवप’, म्हणजे बोलणे, याच ‘उल्लव’चे वंशज. गोव्यात ‘उलोवप’, ‘सांगप’ आणि ‘म्हणप’ अशी तिकडी आहे. ‘बोल्ल’ला तिथे मुख्य जागा मिळाली नाही.

आता शेवटचा वाद, जो पुण्या-मुंबईच्या माणसांत सदैव पेटलेला असतो. “मी त्याला बोललो, की तू उद्या ये.” मुंबईत हे सर्रास ऐकू येते आणि ऐकणाऱ्या पुणेकराच्या कपाळावर आठी पडते. त्याच्या मते सांगितले किंवा म्हणालो असे हवे. ‘त्याला बोललो’ म्हणजे त्याला रागावलो. हिंदीतल्या ‘मैंने उसको बोला’ची ही छाया आहे हे खरे. पण हेमचंद्रांचे सूत्र पुन्हा उघडले तर पुणेकराचा आवाज थोडा खाली यावा, कारण तिथे ‘बोल्ल’ हा ‘कथ्’च्या जागीच आला आहे, म्हणजे ‘सांगणे’ याच अर्थाने, ‘संघ’च्या शेजारी, त्याच्या बरोबरीने. मराठीने नंतरच्या शतकांत दोघांची कामे वेगळी केली, आणि मुंबईच्या गर्दीत ती पुन्हा एकत्र झाली. तरीही कोणाच्या हस्तलिखितात “तो बोलला की” दिसले तर मी त्यावर रेघ ओढतो आणि वर ‘म्हणाला’ लिहितो. कारण ‘बोलला’ने ‘सांगितले’चे काम घेतले, तर “साहेब मला बोलले” असे सांगत घरी येणाऱ्या माणसाचे नक्की काय झाले ते त्याच्या घरच्यांना कळणार नाही.